मत, माऊस आणि मतदार

निवडणुका जवळ आल्या की होस्टेलच्या मेसमध्ये दोन तट पडतात. एक म्हणतो, लोक जात बघून मत देतात. दुसरा म्हणतो, लोक पाकीट बघून मत देतात. वादाला धार येते, पोळ्या गार होतात आणि शेवटी 'जाऊ दे यार, सगळे सारखेच' या ठरावावर सभा बरखास्त होते. या वादात एक गोष्ट कायम राहून जाते, आणि ती आपल्या अभ्यासक्रमाच्या अगदी जवळची आहे. उमेदवार मतदारापर्यंत पोहोचतो कशातून? पूर्वी भिंतीवरच्या चुन्यातून, रिक्षावरच्या कर्ण्यातून, दारावर चिकटवलेल्या स्टिकरमधून पोहोचायचा. आता त्यात पडद्याची भर पडली आहे. पडदा म्हटला की तो कुणीतरी डिझाईन केलेला असतो. कोणतं बटण कुठे, कोणता फोटो वर, कोणत्या चौकटीत टिक आधीच मारून ठेवायची, हे सगळं कुणीतरी बसून ठरवतं. ठरवणारा बहुतेक वेळा आपल्यासारखाच एखादा इंजिनिअर असतो. चार वर्षांपूर्वी तोही सबमिशनच्या आदल्या रात्री जर्नल उतरवत बसलेला असतो.

माझं म्हणणं थोडक्यात असं आहे: प्रचाराच्या साईटचं डिझाईन ही सजावट नाही. ते मतदाराला हलवतं. कधी मदत करतं, कधी गोंधळात टाकतं आणि कधी सरळ सरळ फसवतं. म्हणून ते करणाऱ्याला 'मी फक्त कोड लिहिला' असं म्हणून हात झटकता येणार नाहीत. (हा लेख कुठल्याही पक्षाच्या बाजूचा नाही. संपादकांनी तशी तंबी आधीच दिली आहे.)

सुरुवात कागदापासून

'डिझाईनने कुठे निवडणूक फिरते का?' असं विचारणाऱ्यांसाठी आधी कागदाचं उदाहरण घेतो. सन २०००, अमेरिका, फ्लोरिडा राज्यातली पाम बीच काउंटी. अध्यक्षपदासाठी उमेदवार बरेच होते आणि म्हाताऱ्या मतदारांना वाचता यावं म्हणून अक्षर मोठं ठेवायचं होतं. हेतू चांगलाच होता. म्हणून नावं समोरासमोरच्या दोन पानांवर छापली आणि भोकं पाडायची जागा मधोमध ठेवली. फुलपाखराच्या पंखांसारखी दिसणारी ही मतपत्रिका 'बटरफ्लाय बॅलट' नावाने जगभर गाजली. डाव्या पानावर पहिले बुश, दुसरे गोर. पण मधल्या रांगेतलं दुसरं भोक गोर यांचं नव्हतं, ते उजव्या पानावरच्या ब्युकॅनन यांचं होतं. गोर यांचं भोक तिसरं. डावीकडे दुसरं नाव दिसतंय म्हणून दुसरं भोक पाडलं की मत भलत्यालाच!

ब्युकॅनन यांना त्या एका काउंटीत तीन हजार चारशेहून जास्त मतं पडली. आपल्याला इथे एवढी मतं पडतील असं त्यांना स्वतःलाही वाटत नव्हतं. एकाहून जास्त भोकं पाडल्यामुळे बाद झालेल्या मतपत्रिका सुमारे एकोणीस हजार होत्या. आणि बुश यांनी सबंध फ्लोरिडा, पर्यायाने अमेरिकेचं अध्यक्षपद, जिंकलं ते ५३७ मतांनी. पुढे २००१ मध्ये राज्यशास्त्राच्या संशोधकांनी आकडेमोड करून दाखवलं, की दोन हजारांहून जास्त डेमोक्रॅटिक मतदारांची मतं चुकून ब्युकॅनन यांना गेली. म्हणजे पानाच्या मांडणीतली चूक विजयाच्या फरकाच्या जवळजवळ चौपट.

हे सगळं सातासमुद्रापलीकडचं वाटत असेल तर आपल्या कोकणात या. २०१४ च्या लोकसभा निवडणुकीत रायगडमध्ये राष्ट्रवादीचे सुनील तटकरे २,११० मतांनी हरले. त्याच मतदान यंत्रावर सुनील तटकरे नावाचा आणखी एक अपक्ष उमेदवार होता. त्याला मिळालेली मतं ९,८४९. ती सगळी चुकूनच पडली असं कुणी छातीठोकपणे म्हणू शकत नाही, पण प्रश्न पडतोच. एका यादीत दोन सारखीच नावं ठेवली तर वापरणारा गोंधळणार, हे आपल्याला डेटाबेसच्या पहिल्या प्रॅक्टिकलला शिकवतात. निवडणूक आयोगाने २०१५ पासून मतपत्रिकेवर उमेदवारांचे फोटो छापायला सुरुवात केली ती अशाच नामसाधर्म्याच्या गोंधळामुळे. तरीही २०२४ मध्ये साताऱ्यात 'तुतारी वाजवणारा माणूस' आणि नुसती 'तुतारी' या दोन चिन्हांनी पुन्हा तोच घोळ घातला. नुसती तुतारी असलेल्या अपक्षाला सुमारे ३७ हजार मतं, आणि तुतारीवाल्या माणसाचा पराभव सुमारे ३२ हजारांनी. चिन्ह म्हणजे काय, तर आयकॉन! आपल्या लोकशाहीने १९५१-५२ च्या पहिल्याच निवडणुकीत, देशात साक्षर माणसं शंभरात जेमतेम अठरा असताना, आयकॉनवर चालणारा इंटरफेस बनवला होता. पण दोन आयकॉन सारखे दिसायला लागले की उत्तम इंटरफेससुद्धा आपटतो.

पहिली नजर

आता साईटकडे येऊ. माणूस एखाद्या साईटबद्दल मत कधी बनवतो? मजकूर वाचून? छे. कॅनडातल्या कार्लटन विद्यापीठात गिट लिंडगार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ साली प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांना वेब पानं फक्त ५० मिलिसेकंद दाखवली. म्हणजे सेकंदाचा विसावा भाग! तेवढ्यात लोकांनी 'छान' किंवा 'भिकार' ठरवलं, आणि जास्त वेळ दाखवल्यावरही ते मत फारसं बदललं नाही. स्टॅनफर्डच्या बी. जे. फॉग यांच्या गटाने २००२ मध्ये २,६८४ लोकांना खऱ्या साईट दाखवून विचारलं, की तुम्हाला ही साईट विश्वासार्ह का वाटते किंवा वाटत नाही? लोकांच्या शेऱ्यांपैकी ४६.१ टक्क्यांत उल्लेख होता तो साईटच्या दिसण्याचा. मजकूर कुणी लिहिला, माहिती खरी की खोटी, हे सगळं त्याच्या मागे.

आपण हसतो, पण आपणही तेच करतो. कंपनीची साईट जुनाट दिसली की 'पॅकेज काही खास नसणार' म्हणून प्लेसमेंटच्या यादीतून नाव खोडणारे महाभाग आपल्याच विंगमध्ये आहेत.

खास राजकीय साईटवरचा एक प्रयोग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. पेन्सिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठातले एस. श्याम सुंदर आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये तो प्रसिद्ध केला. एका काल्पनिक उमेदवाराची साईट तीन प्रकारे बनवली: कमी, मध्यम आणि जास्त इंटरॅक्टिव्ह. मजकूर तोच, फक्त दुव्यांची रचना वेगळी. त्यावरून लोकांचं उमेदवाराबद्दलचं मत तर बदललंच, पण त्याची धोरणं पटतात की नाही यातही फरक पडला! आणि गंमत म्हणजे दुवे वाढवत गेलं म्हणून मत चांगलं होत जातं असंही नाही. भूलभुलैया झाला की माणूस वैतागतो आणि तो वैताग उमेदवाराच्या खात्यावर जमा होतो. प्रयोग लहान होता, साठच विद्यार्थी होते, हे मान्य. पण इशारा पुरेसा आहे: मतदार 'साईट' आणि 'माणूस' असे दोन कप्पे करत नाही.

एका बटणाची किंमत

याचा सगळ्यात हुशारीने फायदा घेतला तो २००८ मध्ये ओबामांच्या चमूने. गूगल सोडून आलेला डॅन सिरोकर हा तरुण त्या चमूत होता. साईटच्या पहिल्या पानावर लोकांनी आपला ईमेल द्यावा एवढीच अपेक्षा. त्याने चार बटणं आणि सहा चित्रं किंवा व्हिडिओ घेतले. चार गुणिले सहा, एकूण चोवीस जोड्या. येणाऱ्या प्रत्येकाला त्यातली एक जोडी चिठ्ठी काढल्यासारखी दाखवायची आणि कोण नाव नोंदवतो ते मोजायचं. तीन लाख दहा हजार लोकांवर हा प्रयोग झाला. ऑफिसातल्या सगळ्यांना खात्री होती की व्हिडिओ जिंकणार. प्रत्यक्षात सगळे व्हिडिओ सगळ्या फोटोंच्या मागे पडले! जिंकली ती कुटुंबाचा साधा फोटो आणि 'नाव नोंदवा'ऐवजी 'अधिक जाणून घ्या' असं बटण ही जोडी. नाव नोंदवणाऱ्यांचं प्रमाण ८.२६ टक्क्यांवरून ११.६ टक्क्यांवर गेलं. त्या वाढीव ईमेलमधून पुढे जवळजवळ सहा कोटी डॉलर जास्त देणगी आली, असा सिरोकरचा स्वतःचा अंदाज आहे.

यात शिकण्यासारखं काय? एक म्हणजे, आपल्याला काय आवडतं याला शून्य किंमत आहे. मोजा, मग बोला. दुसरं म्हणजे शब्दाचा स्वभाव. 'नाव नोंदवा' हा हुकूम आहे, 'अधिक जाणून घ्या' हे आमंत्रण. दारात उभ्या राहिलेल्या अनोळखी पाहुण्याला आपण आधी 'सही करा' म्हणत नाही, 'या, बसा' म्हणतो.

२०१२ मध्ये त्यांनी हे आणखी पुढे नेलं. देणगीचा एकच लांबलचक फॉर्म तोडून त्याचे टप्पे केले, आधी फक्त रक्कम विचारली, नाव-पत्ता नंतर. देणगी देणारे वाढले. पान ६० टक्के जलद केलं, देणग्यांचं प्रमाण १४ टक्क्यांनी वाढलं. कॉम्प्युटर नेटवर्क्सच्या लेक्चरला झोपणाऱ्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावं. पान लवकर उघडणं ही नुसती तांत्रिक गोष्ट राहिली नाही, राजकीय झाली.

एक 'एस' राहिला

त्याच २०१२ मध्ये समोरच्या रॉम्नी यांच्या चमूने 'ओर्का' नावाची यंत्रणा बनवली. कल्पना झकास होती. तीस हजारांहून जास्त स्वयंसेवक मतदान केंद्रांवर उभे राहणार, कोण मत देऊन गेला ते फोनवर टिपणार, आणि जे आले नाहीत त्यांना घराबाहेर काढायला बाकीचे कार्यकर्ते धावणार. आपल्याकडे बूथवर बसून मतदार यादीवर पेन्सिलने खुणा करणारे कार्यकर्ते असतात ना, तेच काम, पण ऑनलाइन.

मतदानाच्या दिवशी काय झालं? लोक ॲप स्टोअरमध्ये 'ओर्का' शोधत बसले. पण ते ॲप नव्हतंच, ती वेबसाईट होती! ज्यांना पत्ता मिळाला त्यांनी सवयीने 'एचटीटीपी' टाकलं. साईट 'एचटीटीपीएस'वर होती आणि एकीकडून दुसरीकडे आपोआप नेणारा रिडायरेक्ट कुणी लावलाच नव्हता. पान कोरं. कित्येकांचे पासवर्ड चालेनात. खऱ्या गर्दीत, खऱ्या ठिकाणी या यंत्रणेची रंगीत तालीम कधी झालीच नव्हती. भर मतदानात ती बंद पडली.

रॉम्नी त्यामुळे हरले असं मी म्हणणार नाही. जवळपास पन्नास लाख मतांचा फरक एका रिडायरेक्टने भरून निघत नाही. पण पहाटे उठून केंद्रावर उभ्या राहिलेल्या हजारो लोकांचा दिवस वाया गेला, हे खरं. आपल्या टेक फेस्टची ऑनलाइन नोंदणी ऐन सकाळी बसते तेव्हा आपण 'सर्व्हर डाउन' म्हणून हसून सोडून देतो. निवडणुकीला पुढच्या आठवड्यात पुन्हा घेऊ असं म्हणता येत नाही.

आधीच मारलेली टिक

इथपर्यंत सगळं हुशारीचं किंवा हलगर्जीपणाचं होतं. आता जे सांगतो ते वेगळं आहे.

डिफॉल्ट म्हणजे काय ते आपल्याला माहीत आहे. इन्स्टॉल करताना आपण 'नेक्स्ट, नेक्स्ट, फिनिश' करतो आणि नंतर ब्राउझरला तीन टूलबार चिकटलेले दिसतात, तो प्रकार. माणूस डिफॉल्ट बदलत नाही. याचं प्रसिद्ध उदाहरण अवयवदानाचं आहे. जॉन्सन आणि गोल्डस्टीन यांनी २००३ मध्ये दाखवलं, की जर्मनीत अवयवदानाला संमती होती १२ टक्के लोकांची आणि शेजारच्या ऑस्ट्रियात ९९.९८ टक्के लोकांची. ऑस्ट्रियन माणसं काही साधुसंत नव्हती. जर्मनीत 'हो' म्हणायला फॉर्म भरावा लागायचा, ऑस्ट्रियात 'नाही' म्हणायला. फरक एवढाच.

हाच नियम २०२० मध्ये ट्रम्प यांच्या प्रचाराच्या देणगी पानावर आला. एकदा देणगी द्यायला आलेल्या माणसासमोर एक चौकट आधीच टिक केलेली: ही देणगी दर महिन्याला द्या. पुढे महिन्याऐवजी आठवडा आला. त्यात आणखी एका जादा देणगीची दुसरी टिक आली, आणि वर ठळक अक्षरांतला एवढा मजकूर, की खरं काय लिहिलंय ते शोधायला भिंग लागावं. न्यूयॉर्क टाइम्सने २०२१ मध्ये हे प्रकरण बाहेर काढलं. एका देणगीदाराने ५०० डॉलर दिले आणि महिन्याभरात त्याच्या खात्यातून ३,००० डॉलर गेले. असे फसलेले लोक बँकांकडे तक्रारी घेऊन गेले. २०२० या एका वर्षात ट्रम्प यांचा प्रचार आणि त्यांचा पक्ष यांना मिळून १२ कोटी २० लाखांहून जास्त डॉलर परत करावे लागले. बायडन यांच्या बाजूचा परताव्याचा आकडा होता सुमारे दोन कोटी दहा लाख. आधीच टिक मारून ठेवण्याची युक्ती डेमोक्रॅटिक पक्षाच्या काही गटांनीही वापरली होती, हेही न विसरता सांगायला हवं. मे २०२१ मध्ये तिथल्या संघीय निवडणूक आयोगाने, ज्यात दोन्ही पक्षांचे सदस्य असतात आणि ज्यांचं सहसा कशावरच एकमत होत नाही, एकमताने शिफारस केली की अशा टिक कायद्यानेच बंद कराव्यात.

आता विचार करा. ही टिक कुणी मारली? उमेदवाराने नाही. त्याला 'चेक्ड' कसं लिहितात ते ठाऊकही नसेल. एका डेव्हलपरने एका ओळीत एक शब्द लिहिला, आणि फसले कोण, तर त्या उमेदवारावर सगळ्यात जास्त विश्वास ठेवणारे लोक! विरोधक त्या पानावर येणारच नव्हते.

आपल्याकडची गोष्ट

'पण इंडियात कोण बघतंय पक्षाची साईट?' हा माझ्या रूममेटचा नेहमीचा सवाल. त्यात तथ्य आहे. मार्च २०१९ मध्ये, लोकसभेच्या तोंडावर, भाजपची अधिकृत साईट हॅक झाली आणि दोन आठवड्यांहून जास्त बंद राहिली. तरी पक्षाने ३०३ जागा जिंकल्या. प्रचार चालू होता तो व्हॉट्सॲपवर, सभांत आणि घरोघरी.

पण यावरून डिझाईनला महत्त्व नाही असं होत नाही. आपला इंटरफेस वेगळा आहे एवढंच. २०११ मध्ये अण्णा हजारेंच्या आंदोलनाला लोकांनी पाठिंबा कळवला तो मिस्ड कॉल देऊन. मला विचाराल तर हा जगातल्या सर्वोत्तम राजकीय इंटरफेसपैकी एक आहे. वाचता येत नाही? चालेल. इंटरनेट नाही? चालेल. बॅलन्स जेमतेम? तरी चालेल! राळेगणसिद्धीच्या शेतकऱ्याला आणि पुण्याच्या आयटीवाल्याला एकच बटण. नंतर जवळपास सगळ्यांनीच ही युक्ती उचलली. फक्त दुसरी बाजू लक्षात घ्या. मिस्ड कॉल दिला की आपला नंबर त्यांच्याकडे राहतो. त्याचं पुढे काय होणार, हे विचारायला त्या इंटरफेसमध्ये जागाच नाही.

मग मराठी साईटची तऱ्हा. उमेदवाराचा जाहीरनामा उघडा. शंभरातल्या कितीतरी वेळा तो मजकूर नसतोच, जेपीजी चित्र असतं किंवा स्कॅन केलेली पीडीएफ. डीटीपीवाल्याने जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेलं, ते युनिकोडमध्ये नेलं की 'दुसऱ्या'तला ऱ्या तुटतो आणि जोडाक्षरांचे हाल होतात, म्हणून सरळ चित्रच चिकटवून टाकायचं. पडद्यावर छान दिसतं. पण ज्याला दिसत नाही आणि जो स्क्रीन रीडरवर ऐकतो, त्याच्यासाठी ते पान कोरं. शोधू म्हटलं तर 'पाणी' शब्द टाकून काही सापडत नाही. गावाकडच्या नेटवर्कवर आठ एमबीचं चित्र उघडेपर्यंत चहा होतो. आणि पुढच्या निवडणुकीला 'मागच्या वेळी काय म्हणाला होतात?' म्हणून त्यातलं वाक्य कॉपी करून दाखवायचं म्हटलं तर तेही जमत नाही. ही शेवटची अडचण काहींना सोयीचीच वाटत असेल!

आमच्याकडे आलेलं काम

हे सगळं मी का लिहितोय, तेही सांगतो. गेल्या वर्षी आमच्या विंगमधल्या तिघांकडे एका स्थानिक निवडणुकीतल्या उमेदवाराच्या साईटचं काम आलं. मी त्यातला एक. पैसे बरे होते, रेझ्युमेला एक ओळ मिळणार होती. काम बघणारे दादा भेटायला आले. म्हणाले, "एक 'तक्रार नोंदवा' पान टाका. पाणी, कचरा, लाइट. लोक भरतात." आम्ही खूश. मग म्हणाले, "खाली एक बारीक टिक ठेवा. व्हॉट्सॲप ग्रुपला घ्यायची परवानगी. आधीच मारलेली. आणि मोबाईल नंबर कंपल्सरी." मी विचारलं, "आणि तक्रार कुणाकडे जाणार?" ते हसले. "तक्रार कुठं जातीय? नंबर आला की झालं."

म्हणजे नळाला पाणी नाही म्हणून एखादी आजी नातवाकडून फॉर्म भरून घेणार. पाणी येणार नाही. मेसेज मात्र रोज येणार.

त्या रात्री आमच्या खोलीत जो वाद झाला तो मेसमधल्या वादापेक्षा खरा होता. एकाचं म्हणणं, "कोड आपला, धोरण त्यांचं. सिव्हिलवाला पूल बांधतो, त्यावरून कोण जातं ते बघत नाही." मी म्हटलं, "बरोबर. पण पुलाच्या मधोमध मुद्दाम खड्डा ठेव असं क्लाएंटने सांगितलं, तर सिव्हिलवाला ठेवतो का?" दुसऱ्याचं म्हणणं, "आपण नाही केलं तर दुसरं कुणीतरी करेल." हे मात्र खरं निघालं. आम्ही टिक रिकामी ठेवणार आणि तक्रार कुठे जाते ते पानावर लिहिणार, असं सांगितल्यावर काम दुसरीकडे गेलं. आम्ही तोवर केलेल्या पानांचे पैसे अजून यायचे आहेत.

तरीही आम्ही केलं ते बरोबर होतं असंच मला वाटतं. 'दुसरा करेल' हे कॉपी करणाऱ्याचं लॉजिक आहे, इंजिनिअरचं नाही.

कायदा हळूहळू मागून येतोय. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी 'डार्क पॅटर्न' म्हणजे फसव्या डिझाईनविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यात तेरा प्रकार नाव घेऊन सांगितले आहेत: खोटी घाई, टोपलीत गुपचूप वस्तू टाकणं, 'नाही' म्हणणाऱ्याला लाजवणं वगैरे. पण ती ग्राहकासाठी आहेत. शॅम्पू घेणाऱ्याची काळजी घेतली, मत देणाऱ्याचं काय? २०२३ च्याच डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात संमती मोकळी, नेमकी आणि स्वतःच्या स्पष्ट कृतीने दिलेली हवी असं म्हटलं आहे. आधीच मारलेली टिक ही माझी कृती कशी होईल? ती तर डेव्हलपरची कृती! त्या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले, अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने ठरवली आहे. तोवर आणि त्यानंतरही, खरा पहारा की-बोर्डवर बसणाऱ्याचाच.

मग करायचं काय?

कुणी म्हणेल, साईट बघून कट्टर माणूस पक्ष बदलत नाही. मान्य. साईट सहसा मत बदलत नाही. पण कोण नाव नोंदवतो, कोण पैसे देतो, कोण कामाला येतो, कुणाला आपलं मतदान केंद्र सापडतं आणि कोण वैतागून घरी बसतो, हे ती बदलते. जिथे फरक ५३७ किंवा २,११० चा असतो तिथे एवढं पुरतं.

म्हणून ज्युनिअर मंडळींना चार गोष्टी सांगाव्याशा वाटतात. उद्या असं काम तुमच्याकडे येईल, नक्की येईल, कारण वॉर्डापासून लोकसभेपर्यंत प्रत्येकाला साईट हवी आहे. पहिली गोष्ट, मजकूर मजकूर म्हणूनच टाका, युनिकोडमध्ये, चित्र म्हणून नको. दुसरी, स्वस्तातल्या फोनवर, बाहेर रस्त्यावर उभं राहून, उन्हात उघडून बघा. लॅबमधल्या लॅनवर सगळंच पळतं. तिसरी, प्रत्येक टिक रिकामी ठेवा आणि 'नाही'चं बटण 'हो'च्या बटणाएवढंच मोठं ठेवा. चौथी, माहिती मागाल तेव्हा ती का मागताय आणि कुठे जाणार, हे त्याच पानावर, त्याच आकाराच्या अक्षरात लिहा. यातलं काहीही जास्त खर्चिक नाही. ओर्काला वाचवायला एक ओळ पुरली असती, तसंच.

आणि सरांना, मॅडमना एक विनंती. सॉफ्टवेअर इंजिनिअरिंगच्या टर्मवर्कमध्ये दरवर्षी तीच लायब्ररी मॅनेजमेंट सिस्टीम असते. एका वर्षी त्याऐवजी असं करू या. निवडणूक आयोगाकडे दाखल झालेली उमेदवारांची शपथपत्रं सार्वजनिक असतात. संपत्ती, शिक्षण, गुन्हे, सगळं त्यात असतं. आपल्या मतदारसंघातल्या उमेदवारांची ती माहिती एका पानावर मराठीत अशी मांडायची, की मेसच्या मावशी, वॉचमन काका, ऑफिसातले शिपाई आणि लायब्ररीतल्या बाई यांना कुणाच्याही मदतीशिवाय दोन मिनिटांत हवं ते सापडलं पाहिजे. मार्क त्यांनीच द्यायचे. ज्याच्या पानावर काका अडकले, त्याने पान बदलायचं. काकांना 'तुम्हाला कॉम्प्युटर येत नाही' असं म्हणायचं नाही.

आपल्यापैकी फार थोडे निवडणूक लढवतील. पण निवडणुका ज्या पडद्यांवरून लढल्या जाणार आहेत, ते पडदे आपल्यापैकी पुष्कळ जण बनवतील. मत द्यायचा हक्क अठराव्या वर्षी मिळतो. दुसऱ्याचं मत ज्यातून जातं ती वाट सरळ ठेवण्याची जबाबदारी डिग्रीबरोबर येते. ती कन्व्होकेशनची वाट न बघता आत्ताच घेतलेली बरी.